फवारणीचं विमान का पडतं, आणि पडू नये म्हणून काय करावं

१० जानेवारी २०११ रोजी कॅलिफोर्नियातल्या ओकलीजवळ, वेब ट्रॅक्ट नावाच्या बेटावर, शेतीच्या कामावर असलेलं रॉकवेल एस-२आर जातीचं विमान एका सडपातळ मनोऱ्यावर आदळलं. वैमानिकाचा मृत्यू झाला. मनोरा वाऱ्याचा वेग मोजण्यासाठी उभा केलेला होता. पवनचक्क्या बसवण्याआधी जागेवरचा वारा तपासायला असे मनोरे लावतात. साताऱ्याच्या चाळकेवाडीसारख्या पठारांवर फिरलेल्यांना ते ओळखीचे असतील. या मनोऱ्याची उंची २०० फुटांच्या किंचित आत होती, आणि अमेरिकेत तेव्हा २०० फुटांच्या वरच्याच बांधकामाची खबर विमानवाहतूक खात्याला द्यावी लागे. म्हणून त्याला ना पट्टे होते, ना दिवा. ओरेगॉनमध्ये २००३ साली एक छोटं खासगी विमान आणि टेक्सासमध्ये रॉल्स गावाजवळ २००५ साली शेतीचं विमान अशाच मनोऱ्यांवर आदळलं होतं. असे मनोरे ठळक दिसावेत यासाठी कायद्यात तरतूद झाली ती २०१६ साली.

“वैमानिकाला मनोरा दिसला नाही” एवढं लिहून तपासाचा कागद मिटता येतो. पण त्यातून पुढच्या वैमानिकाला काही मिळत नाही. मनोरा दिसण्याजोगा का नव्हता, तो तिथे आहे हे त्याला कोणी सांगायला हवं होतं आणि ते सांगण्याची रीत का नव्हती, हे विचारलं तरच काहीतरी बदलता येतं. फवारणीच्या बहुतेक अपघातांचं असंच असतं. घडतात ते दोन-तीन सेकंदांत, पण त्यांची बीजं आदल्या दिवशीच्या पाहणीत, टाकी भरण्याच्या जागेवर किंवा हँगरमध्ये पडलेली असतात. पुढची माहिती त्याच क्रमाने दिली आहे.

शेत आधी वाचायचं

फवारणीचं विमान पिकाच्या शेंड्यापासून तीन-चार मीटरवरून, ताशी २०० ते २४० किलोमीटर वेगाने जातं. ताशी २२५ म्हणजे सेकंदाला ६२ मीटर. तार दिसणं, ती तार आहे हे कळणं आणि विमान चालवायची काठी ओढल्यावर विमानाने वर उठायला सुरुवात करणं, या तिन्हींना मिळून तीन सेकंद धरले तर तेवढ्यात जवळजवळ १९० मीटर अंतर मागे पडलेलं असतं. करड्या मातीच्या किंवा हिरव्या पिकाच्या पार्श्वभूमीवर बोटाएवढी तार १९० मीटरवरून दिसत नाही. नजर कितीही तीक्ष्ण असो, तारेला डोळ्यांनी चुकवायचा बेत मुळातच कच्चा आहे. तार कुठे आहे हे खाली उतरण्याआधी ठाऊक असलं पाहिजे.

पाहणी दोनदा करा. पहिली जमिनीवरून किंवा नकाशावरून, शेताच्या मालकाला सोबत घेऊन. त्याला नेमके प्रश्न विचारा. नवा बोअर मारला का? मोटारीला वीज कुठून आणली? गेल्या हंगामानंतर कुठला खांब हलवला? शेजाऱ्याने मोबाइलचा टॉवर, वाऱ्याचा मनोरा किंवा पक्षी हाकलायच्या तारा लावल्या का? मालक रोज त्या तारेखालून जातो, त्यामुळे ती सांगण्यासारखी गोष्ट आहे असं त्याला वाटतच नाही. म्हणून “काही अडथळा आहे का?” असा मोघम प्रश्न विचारू नका. उत्तर “नाही” असंच येतं.

दुसरी पाहणी हवेतून, शक्य असेल तर टाकी रिकामी किंवा अर्धी असताना. आधी ३०० ते ५०० फुटांवरून पूर्ण फेरी मारा, मग खाली येऊन चारही बांधांना समांतर उडा. एकाच बाजूने पाहू नका, कारण सूर्य पाठीमागे असताना चकाकणारी तार सूर्य समोर आला की नाहीशी होते. तार शोधत बसण्यापेक्षा खांब शोधा. खांब सापडला की त्याच्या माथ्यावरचे चिमण्यांसारखे पांढरे इन्सुलेटर कोणत्या दिशेला तोंड करून आहेत ते पाहा, म्हणजे तार कुठे जाते ते कळतं. खांबाला ताण (जमिनीत रोवलेली तिरपी तार) दिलेला असेल तर ताणाच्या विरुद्ध बाजूला तार आहे किंवा लाइन तिथे वळते. शेतात पंप, घर, गोठा किंवा शेड असेल आणि वीज येताना दिसत नसेल तर तार झाडांच्या रांगेत दडलेली आहे असंच समजा. मोठ्या उच्चदाब लाइनवर सगळ्यात वर वीज पडण्यापासून संरक्षण करणारी एक बारीक तार असते. खालच्या जाड तारांवरून निघालो म्हणून सुटकेचा श्वास घेतलेली विमानं या वरच्या तारेत अडकली आहेत. लाइन ओलांडायची तर खांबाच्या किंवा मनोऱ्याच्या डोक्यावरून ओलांडा. खांब दिसतो, तार दिसत नाही. आणि दोन खांबांमधली झोळ उन्हात वाढते, थंडीत कमी होते.

पाहिलेलं सगळं कागदावर उतरवा. शेताचा आराखडा, तारा लाल पेनने, झाडं, घरं, शेजारचं पीक, वाऱ्याची दिशा, आत शिरायची आणि बाहेर पडायची बाजू. कागद गुडघ्यावरच्या पॅडला लावा.

इतकं केल्यावरही एक धोका उरतो, आणि तो सगळ्यात फसवा आहे. ऑस्ट्रेलियाच्या वाहतूक सुरक्षा संस्थेने २००१ ते २०१० मधल्या तारांच्या अपघातांचा अभ्यास केला तेव्हा शेतीच्या विमानांच्या अपघातांत सुमारे ६३ टक्के वैमानिकांना ती तार आधीपासून ठाऊक होती असं दिसलं. म्हणजे तार माहीत असणं पुरत नाही, नेमक्या त्या क्षणी ती आठवली पाहिजे. विसर पडण्याच्या वेळा मात्र ठरलेल्या आहेत. मधेच बेत बदलला, मालकाने रेडिओवर “तो कोपरा पण घ्या” म्हटलं, जीपीएसचा दिशादर्शक दिवा नीट चालेना म्हणून नजर आत गेली, किंवा फवारणीचे मुख्य पट्टे (एका फेरीत फवारून होणाऱ्या रांगा) संपवून बांधाच्या कडेचे शेवटचे आडवे पट्टे मारायचे राहिले. शेवटचे पट्टे वेगळ्या दिशेने मारले जातात. दिवसभर समांतर असलेली तार आता आडवी येते. त्यामुळे एक नियम स्वतःवर घालून घ्या: दिशा बदलली, बेत बदलला किंवा लक्ष विचलित झालं, की वर चढायचं, एक फेरी मारायची, तारा पुन्हा मोजायच्या आणि मगच खाली यायचं. रेडिओवर बोलायचं ते वळणात नको आणि पिकावरही नको. वर जाऊन बोला.

हल्लीच्या विमानांवर काचेसमोर तार कापणारं पातं आणि कॉकपिटच्या माथ्यापासून शेपटीपर्यंत ताणलेली तार असते, जेणेकरून वर घसरलेली लाइन शेपटीत अडकू नये. ही साधनं बारीक तारेसमोर जीव वाचवतात. जाड वीजवाहिनी किंवा मनोऱ्याची स्टे वायर यांच्यापुढे त्यांचा भरवसा धरू नका.

वळण

तारांखालोखाल माणसं गमावली जातात ती पट्ट्याच्या टोकाला, वळणात. इथे थोडं गणित नीट समजून घ्यायला हवं.

पंख आडवे ठेवून एखादं भरलेलं विमान ताशी १२० किलोमीटरला स्टॉल होतं असं धरू. स्टॉल म्हणजे इंजिन बंद पडणं नव्हे. पंख हवेशी इतका मोठा कोन करतो की वरचा प्रवाह सुटतो आणि पंख उचलायचं थांबतो. उंची राखून ४५ अंश कलून वळलं तर पंखावर १.४१ पट भार येतो आणि स्टॉलचा वेग १४३ वर जातो. ६० अंश कललं की भार दुप्पट आणि स्टॉलचा वेग १७०. आता दुसरी बाजू पाहा. पट्ट्याच्या टोकाला ताशी २२५ वेगाने काठी ओढून विमान ६० मीटर वर चढवलं, तर फक्त तेवढ्या चढाईने वेग १८८ च्या आसपास उतरतो. म्हणजे वर पोचून ६० अंशांचं वळण घेणाऱ्याच्या हातात १८८ आणि १७० मधलं अंतर उरतं: ताशी १८ किलोमीटर. एक झोत, काठीचा एक जास्तीचा ओढा, पाव टाकी जास्त, आणि ते अंतर संपतं. त्या उंचीवर स्टॉल झालेलं विमान सावरायला खाली जागा नसते.

जास्त कललं तर वळण लहान होतं, हा मोह आहे. ताशी १८८ वेगाला ४५ अंशांच्या वळणाचा व्यास साधारण ५५५ मीटर येतो, ६० अंशांचा ३२०. फवारणीचा पट्टा मात्र वीस-पंचवीस मीटर रुंद असतो. त्यामुळे शेजारच्याच पट्ट्यावर परतायचं तर आधी एका बाजूला वळून मग उलट्या बाजूला मोठं वळण घ्यावं लागतं. पद्धत अशी:

१. पट्टा संपला की नोझल बंद. पंख आडवे ठेवूनच वर चढा. झाडं आणि तारा पूर्ण मागे पडेपर्यंत कलायचं नाही.

२. वेग स्थिरावला की आधी वाऱ्याच्या दिशेने, म्हणजे वारा जिकडे वाहतोय तिकडे, ३० ते ४५ अंश वळून बाहेर जा. मग उलट फिरून वाऱ्यावर तोंड करत मोठं वळण घ्या. उलट केलंत तर वारा विमानाला शेतावर ढकलतो आणि वळण आवळावं लागतं.

३. कल ४५ अंशांच्या पलीकडे जायला लागला की काठी ओढू नका. नाक थोडं खाली जाऊ द्या. पंखावरचा भार काढणं हाच स्टॉलवरचा इलाज आहे.

४. पट्ट्याची रेघ ओलांडून पुढे गेलात तर ती सोडून द्या. पायाने रडर (शेपटीवरचं उभं सुकाणू) दाबून नाक रेघेवर आणायला जाऊ नका. तसं केलं की विमान बाहेरच्या बाजूला घसरतं, आतला पंख आधी स्टॉल होतो आणि विमान क्षणात उलटं पडतं. ज्या वळणांतून माणसं परतली नाहीत त्यांत ही एक सवय पुन्हा पुन्हा सापडते. पट्टा चुकला तर आणखी एक फेरी मारा.

वारा पाठीशी असताना जमीन झरझर मागे पळते आणि वेग भरपूर आहे असं वाटतं. त्या भासावर वेग कमी करणं धोक्याचं आहे. नजर जमिनीवर असली तरी एक डोळा वेगमापकावर ठेवायला हवा.

घाईचा हिशोब एकदा मांडून पाहा. प्रत्येक वळणाला पाच सेकंद जास्त दिले आणि एका शेतात ४० वळणं धरली, तर एकूण २०० सेकंद होतात. तीन मिनिटं वीस सेकंद. जागा असेल तर शेजारचे पट्टे घेण्याऐवजी शेताचे दोन भाग करून लंबगोल फेरीने काम करा. एक पट्टा या भागात, पुढचा त्या भागात. दोन पट्ट्यांत साडेपाचशे मीटरचं अंतर असेल तर ४५ अंशांचं एकच सरळ वळण पुरतं, उलटसुलट फिरावंच लागत नाही. जीपीएस आल्यापासून हे सहज जमतं.

वजन, ऊन आणि धावपट्टी

एअर ट्रॅक्टर एटी-५०२ ची टाकी ५०० अमेरिकी गॅलनची, म्हणजे सुमारे १,८९० लिटरची. त्यात पाण्यासारखं औषध भरलं तर वजन १,८९० किलो. पण द्रवरूप नत्र खतं पाण्याच्या साधारण १.३ पट जड असतात. तीच टाकी त्याच खुणेपर्यंत खताने भरली तर साडेपाचशे किलोहून जास्त वजन चढतं, आणि टाकी भरणाऱ्याला डोळ्यांनी काहीच फरक दिसत नाही. लिटर मोजून वजन कळत नाही. भरणाऱ्याच्या हातात प्रत्येक औषधाचं प्रतिलिटर वजन आणि त्या दिवसासाठी ठरवलेली किलोमधली मर्यादा लिहिलेली चिठ्ठी असलीच पाहिजे. वजन १० टक्के वाढलं तर उड्डाणाला लागणारं अंतर साधारण २० टक्के वाढतं.

दुसरा वाटेकरी ऊन. तापलेली हवा विरळ असते, पंख आणि इंजिन दोन्ही कमी काम करतात. किती, ते काढायची सोपी रीत आहे. समुद्रसपाटीला प्रमाण तापमान १५ अंश, दर हजार फुटांना ते दोन अंश उतरतं. त्याहून जितके अंश जास्त, प्रत्येक अंशाला १२० फूट उंचीत मिळवा. टेक्सासमधलं लबक साधारण ३,२५० फुटांवर आहे, तिथलं प्रमाण तापमान साडेआठ अंश. दुपारी ३८ अंश असेल तर विमानाला ती जागा ६,८०० फुटांवरची वाटते. आपल्या नागपूरचं उदाहरण घ्या: उंची हजार फूट, मे महिन्यात ४२ अंश, आणि हवा साडेचार हजार फुटांवरची. सकाळी सहाला आरामात उठलेलं विमान दुपारी त्याच वजनाने त्याच धावपट्टीवरून उठेलच असं नाही. दिवस चढेल तशी टाकी कमी भरत जा.

धावपट्टी बहुतेकदा कच्ची, एखाद्या शेतरस्त्याची असते. तिच्या बरोबर मध्यावर झेंडी लावा. झेंडीपाशी उड्डाणाच्या वेगाच्या ७० टक्के वेग मिळाला नसेल तर उड्डाण सोडा. यामागे सरळ कारण आहे: सारखा जोर असेल तर निम्म्या अंतरात शेवटच्या वेगाच्या ७० टक्के वेग यायलाच हवा. आला नाही तर उरलेल्या निम्म्यात तो भरून निघत नाही. गवत, चिखल, पाठीमागचा वारा, मळलेला पंख यांपैकी काय आडवं आलं ते थांबल्यावर शोधा.

टाकी एका झटक्यात रिकामी करायचा दांडा हे या विमानाचं सगळ्यात मोठं वरदान. अमेरिकेच्या नियमांनुसार दाट वस्तीवर काम करणाऱ्या विमानाला निम्मा भार ४५ सेकंदांत टाकता आला पाहिजे, आणि आजच्या विमानांची झडप याच्या कितीतरी पट लवकर टाकी मोकळी करते. तरी भरल्या टाकीसह पडलेली विमानं सापडतात. हात दांड्याकडे जात नाही, कारण टाकलेल्या औषधाचे पैसे मनात असतात. म्हणून मालकाने हंगामाच्या आधीच सांगून ठेवावं की टाकलेल्या औषधाचा हिशोब वैमानिकाकडे कधीही मागितला जाणार नाही. आणि वैमानिकाने पाण्याने भरलेल्या टाकीवर सराव करावा, कारण भार सुटताच नाक झटक्याने वर जातं. काठी पुढे दाबायची तयारी नसेल तर भार टाकल्यानंतरच स्टॉल होतो. इंजिन गेलं तर दोन्ही एकदम: नाक खाली, दांडा ओढा.

वजन वाचवायला इंधन कमी घ्यायची प्रथा आहे, ती सोडा. अशा टर्बाइन विमानाला ताशी दोनशे लिटरच्या आसपास लागतं. अर्ध्या तासाची, म्हणजे शंभर लिटरची शिल्लक कधीही मोडू नका. तळाशी गेलेलं इंधन तीव्र वळणात टाकीच्या तोंडापासून सरकतं आणि काटा शून्यावर येण्याआधीच इंजिन उपाशी राहतं.

भरण्याच्या जागेबद्दल एकच, पण ठाम सूचना. टर्बाइन इंजिन चालू ठेवून टाकी भरतात, त्यामुळे नाकावरचा पंखा (प्रोपेलर) फिरत असतो आणि नुसत्या नजरेला तो दिसत नाही. भरणाऱ्याने नेहमी पंखाच्या मागच्या कडेने यायचं आणि तसंच जायचं. पंखाच्या पुढून कोणीही, कधीही नाही. नवीन मजुराला हे पहिल्या दिवशी प्रत्यक्ष चालवून दाखवा.

पंखातली चीर

प्रवासी विमान दिवसभरात काही मोजकीच वळणं घेतं. फवारणीचं विमान तासाला तीस-चाळीस वेळा पंखावर दुप्पट भार घेतं आणि सोडतं. वाकवून वाकवून तार तुटते तसा धातू थकतो. एअर ट्रॅक्टरच्या ५००, ६०० आणि ८०० मालिकांत पंखाच्या मुख्य स्पारच्या (पंखाचा भार पेलणाऱ्या आतल्या तुळईच्या) खालच्या पट्टीत, बोल्टच्या भोकांपाशी चिरा सापडल्या, आणि अमेरिकेच्या विमानवाहतूक खात्याने ठरावीक तासांनी तपासणी व आयुष्याची मर्यादा घालून दिली. अशी चीर डोळ्यांना दिसत नाही, भोकात एडी करंटची (विजेच्या प्रवाहाने चीर शोधणारी) सळई फिरवूनच कळते. म्हणून उड्डाणाचे तास खरे लिहा. कमी लिहिलेले तास म्हणजे न झालेली तपासणी. मर्यादेपेक्षा जास्त भरून उडालेला प्रत्येक तास पंखाच्या आयुष्यातून एका तासाहून जास्त खातो.

औषधं आणि खतं धातू खातात. रोज काम संपल्यावर अंगाचे पत्रे काढून आतली नळ्यांची चौकट पाण्याने धुवा. शेपटीकडचा भाग आवर्जून, कारण फवारा मागे जाऊन तिथेच बसतो.

वैमानिकाचं अंग आणि झोप

सेंद्रिय फॉस्फरस गटातली कीटकनाशकं शरीरातलं कोलिनएस्टरेज, म्हणजे नसांचं काम नीट चालू ठेवणारं विकर, रोखतात. बाहुली टाचणीएवढी होते, दिसणं धूसर होतं, घाम सुटतो, मळमळतं, हात थरथरतात. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या खरिपात पाठीवरच्या पंपाने फवारणाऱ्या शेतकरी-शेतमजुरांच्या अंगावर कीटकनाशकांचं विष उतरलं होतं, काहींचे जीव गेले. जमिनीवर माणूस बसून तरी घेऊ शकतो. तीन मीटरवरून उडणाऱ्याची नजर अंधुक झाली तर त्याला तार दिसायची राहते, आणि तपासात लिहिलं जातं “तारेला धडकला”. म्हणून वैमानिकाने औषध कालवायचं नाही, टाकी भरायची नाही, नोझल उघड्या हाताने साफ करायचे नाहीत. हंगाम सुरू होण्याआधी रक्तातलं कोलिनएस्टरेज मोजून घ्या आणि हंगामात पुन्हा मोजा. पहिला आकडा नसेल तर दुसऱ्याचा अर्थ लागत नाही.

थकव्याकडे कायद्याचंही लक्ष कमी आहे. प्रवासी वैमानिकाच्या तासांना मर्यादा असते, अमेरिकेत शेतीच्या वैमानिकाला तशी नाही. तिथल्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१३ मधल्या शेती-विमानांच्या ७८ अपघातांकडे पाहून २०१४ मध्ये अहवाल दिला, त्यात थकवा, देखभाल आणि कामाआधी धोका तोलण्याची पद्धत नसणं यांवर बोट ठेवलं. कीड थांबत नाही, वारा सकाळीच पडलेला असतो, म्हणून पहाटे चारला उठून अंधार पडेपर्यंत काम चालतं. दुपारी वारा वाढतो तेव्हाचे तास झोपेचे धरा, तेव्हा हिशोब आणि दुरुस्ती करत बसू नका.

पडल्यावर

सैन्यातून निवृत्त झालेल्या विमानांना टाक्या बसवून हे काम चालायचं तेव्हा पडणं म्हणजे बहुधा मरणंच होतं. १९५० साली टेक्सासमध्ये फ्रेड वाइक यांनी एजी-१ हे विमान खास या कामासाठी रचलं. पुढे या कामाच्या विमानांत रचना अशी रुळली: वैमानिक उंच आणि मागे, टाकी त्याच्या पुढे, म्हणजे आदळल्यावर नाक आणि टाकीची चौकट आधी चुरडते. आजची जवळजवळ सगळी कृषी-विमानं याच घडणीची आहेत. पण हे संरक्षण सीटचा पट्टा करकचून बांधलेल्या, हेल्मेट घातलेल्या माणसासाठीच आहे. उकाड्यात खांद्याचे पट्टे सैल सोडू नका.

मदतीला धावणाऱ्यांनी वाऱ्याच्या वरच्या बाजूने जावं. तुटलेली तार जमिनीवर असेल तर वीज कंपनीने लाइन बंद केल्याचं सांगेपर्यंत जवळ जायचं नाही. वैमानिकाला बाहेर काढल्यावर हातमोजे घालून त्याचे औषधाने भिजलेले कपडे काढा, भरपूर पाण्याने अंग धुवा, मग दवाखान्यात न्या. औषधाच्या डब्यावरचं लेबल सोबत द्या, डॉक्टरांना उपचार ठरवायला तेच लागतं.

कारण शोधायचं असेल तर अवशेष हलवण्याआधी चार गोष्टी पाहा आणि फोटो घ्या. पंख्याची पाती पिळवटून वाकली असतील आणि त्यांवर आडवे ओरखडे असतील तर इंजिन जोरात चालू होतं, सरळ मागे वाकली असतील तर बहुधा नव्हतं. टाकीचा दांडा ओढलेला आहे का आणि जमिनीवर औषधाचा सडा कुठे सुरू होतो, यावरून वैमानिकाला संकट कधी कळलं ते समजतं. पंखाच्या पुढच्या कडेवर तारेचा दोरीसारखा वळ उठलेला असतो, तो शोधा. चौथी गोष्ट सगळ्यात मोलाची: सॅटलॉक किंवा अ‍ॅग-नॅवसारखं जीपीएस यंत्र. त्यात प्रत्येक पट्ट्याची जागा, वेग आणि वेळ नोंदलेली असते. शेवटच्या दहा वळणांचा वेग काढला की वैमानिक हळूहळू आवळत चालला होता का, ते आकड्यांतच दिसतं. ते कार्ड ओलं झालं असेल तर सुकवायचा प्रयोग करू नका, आहे तसं तपास अधिकाऱ्याच्या हाती द्या.

ड्रोनवाल्यांसाठी

हिंदुस्तान एरोनॉटिक्सने फवारणीसाठी बनवलेलं बसंत विमान १९७२ साली प्रथम उडालं. अशी ३९ विमानं झाली आणि काम थांबलं. महाराष्ट्रात आज कापूस-तुरीवर उडतो तो दहा लिटरच्या टाकीचा ड्रोन. त्यात कोणी बसलेलं नसतं, पण वर सांगितलेलं बरंच त्याला तसंच लागू होतं. शेत आधी चालून पाहा, तारा कागदावर लाल करा, नकाशात उड्डाणाची हद्द तारेपासून आणि खांबाच्या ताणापासून चांगलं अंतर सोडून आखा. ड्रोनचा रडार जमीन आणि झाड ओळखतो, बारीक तार ओळखेलच असं नाही. टाकी अर्धी असताना द्रव हिंदकळतो आणि झटक्याच्या वळणात ड्रोन तोल सोडतो, म्हणून टोकाला वेग कमी करा. चालवणाऱ्याने वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभं राहायचं, टाकी आणि बॅटरी बदलणाऱ्याने पाती पूर्ण थांबल्याशिवाय जवळ जायचं नाही. बॅटरी संपत आली की “एवढा पट्टा मारून घेऊ” म्हणू नका, परत बोलवा.

ड्रोन तारेत अडकलाच तर काठीने, बांबूने किंवा दोरीने ओढू नका. औषधाने ओली झालेली काठी वीज वाहून नेते. सगळ्यांना लांब करा, महावितरणला फोन लावा, लाइन बंद झाल्याची खात्री त्यांच्याच माणसाकडून करून घ्या आणि ड्रोन त्यालाच उतरवू द्या.